दादाच्या गाडीचं डिफरन्शिअल

लोक माझं कौतुक करायला लागले की मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. "भावावर केवढा जीव! आठ महिने झाले, गाडीचा एक नट विकला नाही पठ्ठ्यानं." गॅरेजच्या मागे दादाची पिकअप लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे, पुढून चेपलेली, मागून धडधाकट. भंगारवाला तीनदा आला, तिन्ही वेळा मी त्याला हाकलला. जीवबीव काही नाही हो. त्या गाडीच्या मागच्या एक्सलमध्ये काय आहे ते कुणी बघू नये, एवढंच.

त्या दिवशी सकाळी वहिनीचा भाऊ आपली पिकअप ट्रॅक्टरला बांधून ओढत घेऊन आला. आम्ही त्याला लंबू म्हणतो. दादा गेल्यावर खाणीवरून खडी आणायची दादाची फेरी त्यानंच धरली.

"मिस्त्री, मागून आधी किरकिर, मग कडाड्! आणि गाडी जागेवर."

मी मागचा बोल्ट सोडला. तेल बाहेर आलं ते जेमतेम पेलाभर, काळं आणि लोखंडाच्या चुऱ्यानं चकाकणारं. आतल्या मोठ्या चक्राचे, म्हणजे क्राऊनचे, सात दात उडालेले. त्याला फिरवणाऱ्या पिनियनकडे तर बघवत नव्हतं.

"मागचं तेल कधी बघितलं होतंस?"

"मागे पण तेल असतं?"

"नाही, सरबत असतं. घोटभर देऊ?"

तो ओशाळला. नवं डिफरन्शिअल मागवायचं तर पंधरा दिवस, मी म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "दादांची गाडी आहे की मागे. तेच मॉडेल. ताईला विचारूनच आलोय. ती म्हणाली, काढून घ्या, त्यांचं काहीतरी चालतं राहील."

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण कारण काय देणार?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळ्यासारखा फुगवटा असतो, त्यात डिफरन्शिअल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. ते जमवून देतात क्राऊनच्या पोटातले चार छोटे गिअर; आम्ही त्यांना स्टार म्हणतो. चिखलात मात्र हेच नडतं. एक चाक जागीच गरगरतं आणि दुसरं ढिम्म उभं राहतं. खाणीवर दादाची गाडी रोज अशी रुतायची. बाजारात त्यासाठी चांगला लॉक मिळतो, हवा तेव्हा लावायचा, नको तेव्हा सोडायचा, पण मागवायला महिना. मी म्हटलं, "महिना कशाला? अर्ध्या तासात करून देतो." हा माझा शहाणपणा. चारही स्टार वेल्डिंग मारून एकमेकांना चिकटवून टाकले. दोन्ही चाकं एकदम फिरणार, विषय संपला. चिखलातून गाडी रेड्यासारखी बाहेर आली. दादानं माझ्या पाठीवर थाप मारली.

अशी गाडी डांबरी रस्त्यावर, त्यात रस्ता ओला असला तर, वळायचं सोडून सरळ जायला बघते. मला हे माहीत होतं. दादा एकदा म्हणालाही होता, "अरे, वळणावर कुणीतरी मागून ढकलल्यासारखं होतंय. बघ ना जरा." मी दुसऱ्या गाडीखाली होतो. बाहेरसुद्धा न येता म्हणालो, "सोमवारी आण."

शनिवारी ओल्या वळणावरून गाडी सरळ खाली गेली. लोक पोचले तेव्हा सीटखाली दादाचा फोन वाजत होता. वहिनीचा. डबा विसरलात, हे सांगायला तिनं केला होता. मग काय, घरात एकदाचं ठरून गेलं: फोन घ्यायला वाकला आणि ताबा सुटला. आई रोज जेवताना म्हणते, "एक दिवस डबा नसता खाल्ला तर मेला नसता माझा मुलगा. हिच्या फोननं मारला त्याला." वहिनी वाढत असते. तिचा हात थांबत नाही, फक्त मान खाली जाते. त्या दिवसापासून तिनं फोन हातात धरलेला नाही. मुलीच्या शाळेचे निरोपही शेजारणीकडे येतात.

आणि मी? मी वाटी पुढे करतो. आठ महिने, दिवसातून दोनदा, त्या बाईच्या हातचं जेवलो आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. माणूस म्हणायच्या लायकीचा राहिलो नाही मी.

लंबूला मी तेलाचे डबे आणायला पिटाळला. बेत सोपा होता. दादाच्या गाडीतलं क्राऊन-पिनियन घ्यायचं, लंबूचे स्टार शाबूत होते ते तसेच ठेवायचे, आणि माझा तो वेल्डिंगचा गोळा खाणीच्या पाण्यात फेकायचा. गाडी धावली असती, लंबूच्या जिवाला धोका नव्हता, आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

दादाच्या गाडीखाली शिरून मधला शाफ्ट सोडवून बाहेर आलो, तर वहिनी समोर रंगाच्या पालथ्या डब्यावर बसलेली.

"तुम्ही कशाला आलात? तेल उडेल कपड्यांवर."

"उडू दे, भाऊजी. त्यांच्या गाडीचं काही निघतंय, तर मी असावं ना."

तिला घालवणार कसं? अकरा वर्षं ती ह्या गॅरेजात वावरलेली. माणूस कमी पडला की डिझेलमध्ये पार्ट धुवायला बसायची. नट बघून पान्याचा नंबर सांगते.

ती उठली आणि गाडीच्या मागच्या बाजूला आली. चाकं केव्हाच काढून भिंतीला टेकवली होती, नुसते चाकांमागचे ड्रम उघडे होते. तिनं एका ड्रमवर हात ठेवला. "लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला दाखवलं होतं. गाडी जॅकवर होती. म्हणाले, हे चाक पुढे फिरव, बघ पलीकडचं कसं मागे जातं. आपलंही असंच होणार. तू एक म्हणशील, मी दुसरं." आणि ती हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"वहिनी, नको," एवढंच मी म्हणालो.

तिनं ड्रम पुढे फिरवला. पलीकडचा ड्रमही पुढेच फिरला. तिनं मागे फिरवला, तोही मागे. ती वाकून गाडीखालून बघत राहिली.

"भाऊजी, हे दोन्ही एकीकडेच जातायत."

"गंजलं असेल."

"आत तेल असतं ना? तेलात कसं गंजेल?"

मी हातातला पाना पुसत बसलो.

"उघडा," ती म्हणाली.

मी दोन्ही बाजूचे एक्सल ओढून काढले, गोल ओळीतले नट सोडले. भारी असतं ते डिफरन्शिअल. नेहमीसारखा तिनं खालून हात दिला. टेबलावर ठेवलं आणि तिनं फडक्यानं पुसलं. स्टारभोवतीच्या कवचाला खिडकी असते, तिच्यातून दिसत होतं सगळं. माझं वेल्डिंग तिला कुणी ओळखायला शिकवायची गरज नाही. घराच्या जिन्याचा कठडा मीच केलाय. प्रत्येक जोडाच्या शेवटी माझं एक शेपूट सुटतं, उजवीकडे वळलेलं. दादा त्यावरून मला चिडवायचा.

"हे तुमचं आहे," ती म्हणाली.

"हो."

मग सगळं सांगितलं. अर्धा तास, सोमवार, सगळं. खाली बघून सांगितलं.

"आणि फोन?"

"फोन त्यानं उचलला नव्हता, वहिनी. तो वाजतच होता. नुसत्या वाजणाऱ्या फोननं गाडी सरळ जात नाही. ह्यानं जाते."

ती मला मारेल, ओरडेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं हातातल्या फडक्याची घडी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "माझ्या भावाच्या गाडीत हे जाणार नाही ना?"

"नाही."

"मग आधी ते करा. नीट करा."

केलं. ती पाने देत गेली, मी आवळत गेलो. क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांत नीट बसतात का ते रंग लावून दोनदा तपासलं. लंबू आला. भोकातून थेंब बाहेर येईपर्यंत तेल भरलं. त्यानं गाडी चालवून बघितली, वळणावरून दोनदा नेऊन आणली, "मिस्त्री, लोण्यासारखी चालतेय!" म्हणाला आणि आनंदात गेला. तोवर वहिनीनं तो वेल्डिंगचा गोळा डिझेलमध्ये धुतला, पुसला, फडक्यात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी उचलून घरात नेला.

हात धुऊन मी आत गेलो. आई जेवायला बसली होती. तिला आता जवळजवळ दिसत नाही, पण पावलं ओळखते.

"आज एवढा उशीर?" आई म्हणाली. "का परत कुणी फोन करत बसलं होतं?"

"आई, हात पुढे करा," वहिनी म्हणाली, आणि तिनं ते आईच्या मांडीवर ठेवलं.

"अगं बाई, केवढं जड! काय आहे हे?"

"भाऊजी सांगतील."

वहिनी आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, कपडे बाजूला सारल्याचा, आणि मग ती मुलीला विचारत होती, "माझ्या फोनचा चार्जर कुठे ठेवलायस गं?"

आईची बोटं लोखंडावरून फिरत होती. कडेनं, खिडकीतून आत, त्या जोडावरून शेवटापर्यंत. तिथं थांबली. रोज कठड्याला धरून जिना उतरते ती.

"हे तर आपल्या कठड्यासारखं लागतंय हाताला," ती म्हणाली. "तू केलंस का रे?"

"हो, आई."

"कुणासाठी?"

"दादासाठी," मी म्हणालो.