डॉक्टरांना झालेला उशीर

डॉक्टर पद्माकर कारखानीस यांनी तीस वर्षं इंग्लंडमधल्या लोकांना झोपवलं. गैरसमज नको, ते भूलतज्ज्ञ होते. सर्जन यायचे, कापायचे, शिवायचे, क्रिकेटच्या गप्पा मारायचे आणि निघून जायचे. डॉक्टर मात्र पेशंटच्या उशाशी स्टूल टाकून बसलेले. माणूस शुद्धीवर येऊन आपलं नाव सांगेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. झोपलेल्या माणसाला एकटं टाकून जायचं नसतं, एवढा एकच धर्म त्यांनी आयुष्यभर मनापासून पाळला. बाकी सत्यनारायण वगैरे बायकोच्या, सुप्रभाबाईंच्या आग्रहाखातर.

आणि नेमक्या अशा माणसाची बायको घरात एकटी असताना चोर शिरले. डॉक्टरांनी ते इतकं मनाला लावून घेतलं, की चोरांना शिक्षा झाली असती तरी यांच्याइतकी झाली नसती.

झालं होतं असं. कॉव्हेंट्री शहर संपून शेतं सुरू होतात तिथल्या एका गावात त्यांचं घर. रिटायर होण्याच्या बेतात असताना एका सर्जन मित्राने त्यांना क्ले शूटिंगला नेलं. यंत्रातून मातीच्या बशा हवेत उडतात, त्या बंदुकीने फोडायच्या, असा हा खेळ. डॉक्टरांनी तोवर बंदूक पाहिली होती ती पनवेलच्या पोलीस ठाण्यात, दसऱ्याला पूजेला मांडलेली. पण पहिलीच बशी फुटली आणि हा गंभीर माणूस पोरासारखा हसला. मग रीतसर परवाना निघाला, दुनळी बंदूक आली, घरात पोलादी कपाट बसलं. दर रविवारी सकाळी डॉक्टर क्लबात. दसऱ्याला सुप्रभाबाई बंदुकीला हळदकुंकू लावायच्या, तेवढाच त्यांचा तिच्याशी संबंध.

त्या रविवारी डॉक्टरांचा हात असा काही बसला होता, की एकही बशी सुटेना. दोन राउंड संपले. ते बंदूक आवरत होते, तेव्हा क्लबचा चेअरमन ब्रायन म्हणाला, "डॉक, असा दिवस रोज येत नाही. आणखी एक राउंड." डॉक्टर थांबले. घरी पोचले तेव्हा मागचं दार सताड उघडं, ड्रॉवर उलटेपालटे, आणि सुप्रभाबाई जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. चोर नुकतेच गेले होते. बाई वरच्या बाथरूममध्ये कडी लावून बसल्या होत्या, त्यांना खरचटलंही नव्हतं. पाटल्या आणि त्यांच्या आईची मोहनमाळ गेली. डॉक्टरांची बंदूक बाहेर गाडीच्या डिकीत होती.

तेव्हापासून डॉक्टरांच्या तोंडी एकच पालुपद. "मी तो राउंड खेळलो नसतो तर."

"अहो, पुरे आता," सुप्रभाबाई म्हणायच्या.

"सॉरी, प्रभा."

दिवसातून कितीदा तरी हे सॉरी व्हायचं. भाजी आणायला विसरले तरी डॉक्टरांच्या सॉरीत ती मोहनमाळ असायची.

त्यात चहाची भर पडली. सुप्रभाबाईंनी त्या दिवसापासून चहा सोडला. आता, सकाळचा पहिला चहा होईपर्यंत ज्या बाईशी बोलायची कोणाची टाप नसायची, ती बाई गरम पाणी पिऊ लागली. डॉक्टरांचा चहा पूर्वीसारखाच करून द्यायची, आलं किसून, आणि स्वतः समोर पाण्याचा कप घेऊन बसायची. विचारलं तर म्हणायची, "नको वाटतो." डॉक्टरांनी लंडनच्या वेम्बलीहून गवती चहा आणला, मित्रांना विचारलं, जर्नल्स वाचली आणि निदान केलं: ट्रॉमा. मनाला बसलेला धक्का. बायकोच्या त्या पाण्याच्या कपाकडे बघवायचं नाही त्यांना.

माणसाला स्वतःला माफ करता येत नसलं की तो कायदे बदलायला निघतो. डॉक्टरांनाही तशी संधी चालून आली. ते साल दोन हजार पाच, चोरीला वर्ष उलटून गेलेलं. घरात शिरलेल्या चोराला घरमालकाने किती मारलं तर चालतं, यावर त्या हिवाळ्यात साऱ्या देशात वाद पेटला होता. कायदा म्हणत होता, वाजवी बळ वापरा. वाजवी म्हणजे किती, ते नंतर कोर्ट सांगणार. शिवाय सरकार बंदुकांचे नियम आणखी आवळणार अशी कुजबुज होतीच. आसपासच्या क्लबांनी मिळून एक कमिटी केली: नियम आवळू नका, आणि स्वतःचं घर राखणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. ब्रायनचं शेत गावापासून लांब होतं. चोरांनी त्याचं डिझेल दोनदा नेलं होतं आणि दोन्ही वेळेला पोलीस दुसऱ्या दिवशी आले होते. त्याच्या बोलण्यात दम होता, कोणीही मान्य करावं असा.

डॉक्टरांनी कंबर कसली. पत्रं लिहिली, पत्रकं वाटली. अंबरीशकडे, म्हणजे मुलाकडे लंडनला स्टॅनमोरमध्ये गेले, की मध्येच वेम्बलीला ईलिंग रोडच्या देशी बाजारात उतरून मेथीच्या जुड्या निवडणाऱ्या बायकांच्या सह्या घ्यायचे. त्यांतल्या निम्म्यांच्या घरचं सोनं असंच गेलेलं, त्या पटापट सह्या करायच्या. बंदुकीचा विषय डॉक्टर तिथे जरा हळूच काढायचे. कमिटीच्या बैठका यांच्याच घरी. सुप्रभाबाई साबुदाण्याचे वडे तळायच्या, ब्रायन ते डझनाने खायचा, आणि कायद्याबद्दल बाईंनी कधी ब्र काढला नाही. डॉक्टरांना वाटायचं, हे सगळं आपण तिच्यासाठीच करतोय, तिला ते कळतंय.

मार्चमध्ये खासदार गावच्या हॉलमध्ये यायचे ठरले. इलेक्शन तोंडावर आलेलं, त्यामुळे ऐकून घ्यायला ते राजी होते. ब्रायनने डॉक्टरांना गळ घातली, की मिसेस कारखानीस स्वतः बोलल्या पाहिजेत.

"मला नाही जमायचं," सुप्रभाबाई म्हणाल्या.

"अगं, दोन मिनिटं बोलायचंय. जे झालं तेच सांगायचं, बाकी काही नाही." डॉक्टर स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले. "आधी चोर कसे आले ते. मग तू बाथरूममध्ये कशी बसलीस ते. आणि शेवटी चहाचं सांग."

"चहाचं कशाला?"

"त्यानेच तर इफेक्ट होईल! इंग्लिश माणसाला मोहनमाळ कळणार नाही, पण चहा सुटलेली बाई लगेच कळेल. अख्खा हॉल हळहळेल बघ."

सुप्रभाबाई कणीक मळत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दीड वर्षात तो चेहरा किती ओढला होता, ते त्यांच्याइतकं कोणी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला त्याने बरं वाटेल का?" त्यांनी विचारलं.

"मला? हो. मला वाटेल, मी तुझ्यासाठी काहीतरी केलं."

"मग बोलते."

हॉल गच्च भरला. हिरवे कोट घातलेले शेतकरी, क्लबातली मंडळी, दोनचार नुसत्याच चौकस बायका, आणि पुढच्या रांगेत पायावर पाय टाकून खासदार. ब्रायन आधी बोलला, चांगलं बोलला. मग त्याने सुप्रभाबाईंना बोलावलं. आधार म्हणून डॉक्टर शेजारी उभे राहिले. बाईंनी साडीवर कार्डिगन घातलं होतं आणि माइक दोन्ही हातांनी धरला होता.

इंग्रजी त्यांचं साधं पण स्वच्छ. मागचं दार कसं तुटलं, आपण जिना कसा चढलो, बाथरूमची कडी कशी लावली, सगळं त्यांनी सांगितलं.

"आणि त्या दिवसापासून," सुप्रभाबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"टी," डॉक्टरांनी हळूच आठवण केली.

बाईंनी माइक खाली घेतला आणि त्या नवऱ्याकडे वळल्या. मराठीत म्हणाल्या, "अहो, हे मला नाही जमणार."

"अगं, आता एकच वाक्य राहिलंय. बोलून टाक."

"खोटं आहे ते. धक्का बसला म्हणून चहा सोडलेला नाही मी. नवस बोलले होते."

"कसला नवस?"

"तुम्ही लवकर घरी येऊ नये म्हणून."

लोकांना वाटलं, बाई शब्द विचारताहेत. सगळे अदबीने थांबले.

"प्रभा, हे आत्ता इथे..."

"इथेच. घरी सांगायला तुम्ही देता कुठे? मी तोंड उघडलं की तुमचं सॉरी सुरू होतं." आता त्या थांबणार नव्हत्या. "खाली ड्रॉवर उपसल्याचे आवाज येत होते. मला त्यांची भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण त्यांच्यापेक्षा तुमची जास्त वाटली. म्हटलं, यांची यायची वेळ झाली आणि यांच्या गाडीत बंदूक आहे. मी वर अडकलेय म्हटल्यावर तुम्ही बाहेर थांबणार होतात का? सरळ आत शिरला असतात. मग त्यांनी तुम्हाला मारलं असतं, नाहीतर तुम्ही त्यांना. अहो, आयुष्यभर माणसं जागी केलीत तुम्ही. तुमच्या हातून एक जरी गेला असता, चोर का असेना, तरी तुम्ही पुन्हा धड झोपला नसतात. मला माहीत नाही का तुम्ही? टबाच्या कडेवर बसून मी देवाला म्हटलं, यांना तिथेच अडकवून ठेव. काय न्यायचं ते नेऊ देत, पण हे आहेत तसे मला परत दे. मी जन्मात चहाला तोंड लावणार नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"नवस काय गावभर सांगतात? आणि मला वाटलं होतं, हळूहळू विसराल तुम्ही. त्या राउंडबद्दल मी रोज सकाळी देवाचे आभार मानते, आणि तुम्ही रोज सकाळी माझी माफी मागता. मला नाही सहन होत हो आता."

एवढं बोलून त्यांनी माइक नवऱ्याच्या हातात दिला आणि पदराने डोळे पुसले.

हॉलमध्ये खोकल्याचे एकदोन आवाज आले. ब्रायन अस्वस्थपणे उभा होता. खासदार पुढे वाकले आणि फार नम्रपणे म्हणाले, "डॉक्टर, मिसेस कारखानीस काय म्हणाल्या ते आम्हालाही सांगाल का?"

डॉक्टरांना काहीही सांगता आलं असतं. चहाचं ते वाक्य त्यांना पाठ होतं, ते म्हणून टाकलं असतं तर हॉल हळहळला असता, टाळ्या पडल्या असत्या, आणि मराठी न कळणाऱ्या त्या गर्दीत कोणी आक्षेपही घेतला नसता. त्यांनी ब्रायनकडे पाहिलं. या माणसाला आपण शब्द दिलाय. मग बायकोकडे पाहिलं. सकाळचा चहा हे तिचं एकुलतं एक व्यसन, आणि तेच तिने त्यांच्यासाठी देवापुढे ठेवलं होतं. आणि आपण त्याला आजार समजून त्याच्यावर जर्नल्स वाचत बसलो. डॉक्टरांना हसू आलं आणि त्याच क्षणी डोळे भरून आले.

"कायद्याचं ब्रायनने सांगितलंच आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "त्याच्या शेतावर पोलीस पोचत नाहीत, ते खरं आहे, आणि तुम्ही ते ऐकायला हवं. पण आमची गोष्ट तुमच्या कामाची नाही. ती मी चुकीची सांगत होतो."

"चुकीची म्हणजे?" खासदारांनी विचारलं.

डॉक्टरांनी माइक एका हातात घेतला. सुप्रभाबाईंनी पुढे होऊन त्यांचा दुसरा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चार लोकांत एकमेकांचा हात धरायची या दोघांना सवय नव्हती. आज बाईंनी तो घट्ट धरला आणि सोडला नाही.

"दीड वर्ष मला वाटत होतं," डॉक्टर म्हणाले, "की त्या दिवशी मी उशिरा पोचलो. माझी बायको म्हणते, मी अगदी वेळेवर आलो."