लाख्याचं आवतण

दामिनीनं मुखवट्याचा विषय आधी ठरवला आणि बैल नंतर मेला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तिची काकू चारचौघांत म्हणाली की पोरगी मेल्या बैलावर मार्क मिळवून राहिली, आणि ते साफ खोटं होतं.

अमरावतीला ती चित्रकलेच्या कॉलेजात होती. वर्गाला काम दिलं होतं, कोणत्याही प्राण्याचा मुखवटा हातानं करायचा. आधी अभ्यास, मग आराखडा, मग लगदा आणि रंग. निम्म्या पोरांनी मेळघाटातला वाघ धरला. वाघ एकानंही पाहिलेला नव्हता, मोबाइलवर दिसला तेवढाच. दामिनीनं लाख्या धरला. लाख्या म्हणजे मूर्तिजापूरजवळच्या त्यांच्या शेतावरचा तांबडा बैल. शेती आता ट्रॅक्टरवर होती, जोडीतला दुसरा बैल केव्हाच गेला होता. लाख्याला ठेवलं होतं ते निव्वळ आबाजींसाठी.

आबाजी म्हणजे तिचे आजोबा, खुशालराव. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते अमरावतीतच राजापेठेत, मुलाकडे म्हणजे दामिनीच्या घरी, खाटेवर पडून होते. डोळे काचबिंदूनं नेलेले. दिवसभर बाहेर गाड्यांचे हॉर्न आणि शिकवणीच्या पोरांचा गोंगाट ऐकत पडायचं आणि घरात जो येईल त्याला एकच विचारायचं, "लाख्या खाते नं बराबर?"

या कामासाठी दामिनी पहिल्यांदा गावी गेली ती आईची शिवणाची टेप घेऊन. शिंगांमधलं अंतर, कपाळाची लांबी, नाकपुड्या, सगळं मोजलं. लाख्यानं टेप चाटून ओली केली. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मग मुखवटा घालणाऱ्यानं पाहायचं कुठून, हा तिच्या आराखड्यातला मोठा पेच होता. तो तिथंच गोठ्यात सुटला. नाकपुड्यांतून पाहायचं.

दुसऱ्यांदा गेली तेव्हा लाख्याच्या अंगावर लम्पीच्या गाठी उठल्या होत्या आणि तो मान टाकून बसला होता. वैरणीकडे बघत नव्हता. ती तिथं असतानाच तो गेला. गावी शेती पाहणाऱ्या काकानं जेसीबी बोलावला. खोल खड्डा, चुना, मीठ, वर माती. दामिनीचे वडील गोवर्धन अमरावतीहून धावत आले. खड्ड्यात ढकलण्याआधी त्यांनी विळ्यानं लाख्याच्या नाकातली वेसण कापली आणि खिशात घातली. ती दोरी काही त्यांना मातीत जाऊ देववली नाही.

परतताना बसमध्ये ते म्हणाले, "आबाजीले सांगजो नको. डॉक्टर म्हने, त्यायच्या काळजाले धक्का सोसनार नाय. पोया होऊ दे. मंग सांगू."

पोळ्याला पंधरवडाही उरला नव्हता. दामिनी मान डोलावून बसली. खोटं बोलणं एवढं अवघड असेल असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं.

अवघड झालं ते मुखवट्यामुळं. आबाजींना कळलं की नात लाख्याचं तोंड करून राहिली, आणि म्हातारा कित्येक महिन्यांनी उशीला टेकून बसला. तारेचा सांगाडा, खळीत भिजवलेले वर्तमानपत्राचे तुकडे, सगळं खाटेजवळ मांडायला लावलं. "कपायावर भोवरा हाये, जरासा डाव्या अंगाले. डाव्या शिंगाचं टोक घासलं हाये, दावनीले घासते तो. आन् शिंग बुडाशी कोमट लागते हाताले. ते कसं करशीन व माय?"

"ते नाही करता येत आबाजी."

"बरं. पन जाऊन पाह्य एकडाव, भोवरा बरोबर काढला का."

मग तिनं जाऊन आल्याचं सांगावं, भोवरा बरोबर आहे म्हणावं. एकदा त्यांनी हट्ट धरला की फोनवर लाख्याची घुंगरमाळ ऐकवा. काकानं शेजाऱ्याच्या बैलाची ऐकवली. आबाजी कितीतरी वेळ फोन कानाला लावून हसत होते. दामिनी मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. अशा वेळी घरातली शहाणी माणसं काय करतात ते मला माहीत आहे. ती चहा ठेवतात. तिच्या आईनंही चहा ठेवला.

मुखवटा रंगवून झाला तेव्हा गोवर्धननं कपाटातून वेसण काढून दिली. "लाव हे. तोंड खरं वाटन." दामिनीनं ती नाकपुड्यांतून ओवली. खरंच, तोंड एकदम जिवंत झालं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे मळतात. तूप-हळद लावून, जिथं वर्षभर जू बसलं तिथं चोळायचं आणि बैलाला जेवणाचं बोलावणं द्यायचं. आबाजी दरवर्षी लाख्याच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." लहानपणी दामिनी बाजूला उभी राहून बैलाच्या वतीनं ओरडायची, "येतो जी!" आणि सगळे हसायचे.

त्या संध्याकाळी आबाजींनी तूप-हळदीची वाटी मागितली. "लाख्याले इथं आनता येत नाय, तं त्याचं तोंड आन."

तिनं मुखवटा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांची बोटं कपाळावरून फिरली, भोवऱ्याशी थांबली, घासलेल्या शिंगावर गेली. चेहरा खुलला होता. मग बोटं नाकाशी आली. दोरी चाचपली, गाठ चाचपली. ती गाठ त्यांनी स्वतः मारलेली होती. गाठीच्या पुढं दोरी कापलेली लागली.

शेतकऱ्याच्या घरात पोरासोरांनाही ठाऊक असतं की पोळ्याच्या सकाळी नवी वेसण ओवल्याशिवाय जुनी काढत नाहीत, आणि या घरात ती ओवायचा मान आबाजींचा होता. त्याआधी वेसण उतरते ती एकाच कारणानं. शहरात वाढलेल्या दामिनीला हे माहीत नव्हतं. गोवर्धनना माहीत होतं, पण कपाट उघडताना आठवलं नाही.

"कोनं कापली?"

"बाबांनी. नवी घातली ना आबाजी, पोळा आहे म्हणून."

आबाजींनी कापलेलं टोक पुन्हा चाचपलं. बोटं गाठीवरच होती.

"बरं," ते म्हणाले. "घाल तोंडात डोकं. बस इथं खाली."

ती मुखवटा घालून खाटेशी बसली. आत खळीचा वास होता. नाकपुड्यांतून तिला फक्त त्यांचे हात दिसत होते, आणि त्या हातांसमोर आडवी वेसण. तूप कोमट होतं. ते तिचे खांदे चोळू लागले, आधी डावा, मग उजवा, जोर लावून, हाडापर्यंत. तिला दुखलं, पण ती हलली नाही.

"लयच बारीक झाला रे बापा," ते पुटपुटले. मग मुखवट्याच्या कानाशी वाकले.

"आज आवतन घे."

दामिनी थांबली. 'येतो जी' तिच्या ओठांवर तयार होतं. उद्याचं बोलावणं आलं की म्हणायचं होतं. आबाजींचे हात खांद्यांवर तसेच राहिले. पुढचं ते बोललेच नाहीत.

बाहेरच्या खोलीत गोवर्धन कोणाशी तरी मोठ्यानं बोलत होते. आबाजींनी आवाज एकदम खाली आणला.

"गोवर्धनले सांगजो नको मले समजलं म्हनून," ते म्हणाले. "पोया होऊ दे त्याचा."

मुखवट्याच्या आतून दामिनीनं मान हलवली. शिंगं खाटेच्या कडेला लागली.