ओव्हनच्या मोज्यांची कडी

लोरेटा बास्कम वडिलांचे रिव्हॉल्व्हर मऊ फडक्यात गुंडाळून टल्सा शहरातल्या जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनात आली, ती एकच गोष्ट मनात धरून. संग्राहकांच्या मानाच्या टेबलावर ते वडिलांच्या नावाची पाटी लावून ठेवायचे. वडील अर्ल हयात असताना त्या टेबलाने त्यांना कधी जवळ केले नव्हते. त्यांचे दोस्त क्लोव्हिस टटल तर दरवर्षी चारचौघांत म्हणायचे, की अर्लचे रिव्हॉल्व्हर म्हणजे उरल्यासुरल्या भागांची खिचडी. सांगाड्यावर एक नंबर, ट्रिगरभोवतीच्या कडीवर दुसरा.

पारखायला हॉबर्ट पिंकनी बसले होते. हात लावू का, असे रीतीप्रमाणे विचारून त्यांनी सुती हातमोजे चढवले, गोळ्या नसल्याची खात्री केली आणि भिंग डोळ्याला लावले. लाकडी मुठीवर लष्करी तपासनिसाचा लंबगोल शिक्का होता, झिजलेला पण खरा. आखूड नळीही त्यांना पसंत पडली. मग ते कडीपाशी आले आणि भिंग तिथेच थांबले. शेजारी पेकन पाय हा सुक्यामेव्याचा गोड पदार्थ खात उभे असलेले क्लोव्हिसही खायचे थांबले.

"नंबर आता सगळे जुळतात," लोरेटा घाईने म्हणाली.

"तीच तर अडचण आहे, बाई."

लष्कराने जुन्या लांब नळ्यांची ही रिव्हॉल्व्हरे ढिगाने सुटी केली होती, नळ्या कापल्या होत्या, आणि जोडताना जो भाग हाती येईल तो बसवला होता. तेव्हा आखूड नळीच्या या रिव्हॉल्व्हरात नंबर न जुळणे हेच साहजिक, असे पिंकनींनी समजावले. या कडीवरचे आकडे मात्र अलीकडे कोरलेले होते, आणि तपासनिसाच्या नावाचे बारीक आद्याक्षर तिच्यावर नव्हतेच. अशी कडी घेऊन मानाच्या टेबलावर जाता येणार नव्हते.

लोरेटाचे कान तापले. टोमण्यांना कंटाळून बाबांनीच ही कडी करवून घेतली होती.

क्लोव्हिसनी हातातली बशी खाली ठेवली. "म्हणजे इतकी वर्षं मी ज्यावरून त्याला छळलं, तेच बरोबर होतं?"

"अगदी," पिंकनी म्हणाले. "जुनी कडी कुठे गेली?"

बाबा पावाच्या पिशवीची तारसुद्धा फेकत नसत. लोरेटा आठवू लागली आणि एकदम हसली.

"ओव्हनचे हातमोजे! चुलीशेजारी खिळ्याला बाबांनी एक कडी अडकवलीय, मोजे टांगायला."

"चल पोरी," क्लोव्हिस म्हणाले. "टेबल भरायच्या आत परत येऊ. गाडी मी चालवतो, तू नुसती रस्ता दाखव."

"काका, तुम्ही आमच्याकडे दर रविवारी जेवायला येता."

कडी आली. पिंकनींनी ती नाकाशी नेली.

"बेकन?"

"रोजचंच," लोरेटा ओशाळून म्हणाली.

बेकन तळताना कडीवर उडालेल्या चरबीनेच गंज दूर ठेवला होता. फडक्याने टिपताच वेगळा नंबर दिसला आणि त्याच्या शेजारी तपासनिसाचे इवलेसे अक्षर. स्क्रू मुकाट बसले. पिंकनींनी मान डोलावली.

पाटी लिहायचा हट्ट क्लोव्हिसनी धरला. मोठ्या अक्षरांत त्यांनी लिहिले: अर्ल बास्कम यांचे रिव्हॉल्व्हर. नंबर जुळत नाहीत. मग खाली, जरा बारीक: हे अर्लला आधीपासून ठाऊक होते.

"ठाऊक नव्हतं त्यांना," लोरेटा म्हणाली.

"आता आहे," क्लोव्हिस म्हणाले.

घरी आल्यावर तिने नवी कडी चुलीशेजारच्या खिळ्याला अडकवली. मोजे तिच्यावर झकास बसले.