होयबाची उमेदवारी

निवडणुकीला उभं राहायची अक्कल सलूनवाल्याला गिऱ्हाइकांनी दिली. खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो, हा धंद्याचा पहिला धडा वडिलांनी त्याला वस्तरा हातात देण्याआधी शिकवला होता. एक म्हणालं, बाजारातला रस्ता एकेरी करायला हवा, की सलूनवाला म्हणायचा, "अगदी बरोबर." दुसरं म्हणालं, छे, दुहेरीच हवा, की "मी तरी दुसरं काय म्हणतोय!" इतकी वर्षं अशी मान डोलावल्यावर अख्ख्या बाजाराला वाटायला लागलं, की या माणसाची मतं अगदी आपल्यासारखीच आहेत. एक दिवस कुणीतरी म्हणालं, "तुमच्यासारखा समंजस माणूस खरं म्हणजे नगरपालिकेत पाहिजे." सलूनवाला सवयीनं म्हणाला, "अगदी बरोबर." झालं. संध्याकाळपर्यंत त्याची उमेदवारी बाजारभर झाली होती, आणि नाही म्हणायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

बायको त्याला घरात 'होयबा' म्हणायची. सलूनला मधोमध प्लायवूडची अर्धी भिंत होती. पलीकडे तिचं शिलाई मशीन. पँटची उंची कमी करून दे, चेन बदलून दे, अशी कामं ती दिवसभर करायची आणि भिंतीवरून येणारं त्याचं 'अगदी बरोबर' ऐकायची. अर्ज भरायला निघाला तेव्हा ती म्हणाली, "अहो, निवडून या नाहीतर पडा. पण बाजारात एक संडास बांधून घ्या. बायकांनाही जाता येईल असा, कडी लागणारा."

बाजारात तशी सोय नव्हती. सलूनवाल्याला ती उणीव कधी जाणवली नव्हती, कारण बेकरीमागची भिंत होती. बायकांना भिंत कशी चालणार? मग त्या पाणीच पीत नसत. त्याची बायको दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत घोटभर पाण्याला शिवत नसे. मागच्या उन्हाळ्यात तिला जळजळ होऊन ताप भरला, सलाइन लावावं लागलं. डॉक्टरांनी 'पाणी पीत जा' म्हणून झापलं. ती मुकाट्यानं हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून भरलेली बाटली घेऊन दुकानात यायची, भरलेलीच घरी न्यायची.

"पहिलं काम तेच," सलूनवाला म्हणाला.

"हे मला गिऱ्हाइकासारखं सांगू नका."

"नाही गं, शपथ."

त्याला खरंच वाईट वाटत होतं. हॉस्पिटलात तिच्या कॉटशेजारी बसून तो रडलाही होता, फक्त ती झोपल्यावर. पण वाईट वाटणं वेगळं आणि प्रचार वेगळा. संडास हवा, हे बाजारात सगळ्यांनाच पटलं. कुठे हवा, हेही सगळ्यांना पटलं: दुसऱ्याच्या दारात. औषधवाला दाढीचा फेस तोंडावर घेऊन म्हणाला, "हेडमास्तरांच्या गल्लीच्या तोंडाशी बांधा, तिथे कोण जातंय?" अगदी बरोबर. निवृत्त हेडमास्तर कानावरचे केस कापून घेताना म्हणाले, "बेकरीमागे बांधा, तिथे नाहीतरी घाणच असते." त्या घाणीतला आपला वाटा आठवून सलूनवाल्यानं जरा जास्तच जोरात मान हलवली. बेकरीवाला म्हणाला, "माझ्या पावाला वास लागेल. औषधाच्या दुकानाशेजारी बरा." हेही बरोबरच. तिघांशी हात मिळवून सलूनवाला खूश झाला. राजकारण इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

निवडणुकीच्या आधी शाळेच्या हॉलमध्ये उमेदवारांची सभा झाली. कार्यक्रम ग्रंथपालबाईंच्या हातात होता. दारात प्रत्येकाला पाण्याची बाटली दिली गेली. जुने नगरसेवक आधी बोलले. त्यांना चौकात कारंजं बांधायचं होतं, आणि कारंजं कुणाच्याही दारात चालतं, म्हणून टाळ्या भरपूर पडल्या. मग ग्रंथपालबाईंनी सलूनवाल्याला विचारलं, "नगरपालिकेचं पहिलं काम कोणतं असावं?"

"बाजारात स्वच्छतागृह," तो ठणकावून म्हणाला. याही टाळ्या बऱ्या होत्या.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून औषधवाला हौसेनं उठला. "कुठे बांधणार, तेही सांगून टाका. होऊ दे सगळ्यांना माहीत." आणि त्यानं डोळा मारला. शेजारी हेडमास्तर मंद हसत होते. त्यांच्या शेजारी बेकरीवाला हाताची घडी घालून निश्चिंत बसला होता. हे तिघे एकाच रांगेत बसू शकतात, हे सलूनवाल्याच्या आजवर डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या खुर्चीत ते एकेकटे यायचे.

त्याची पाचावर धारण बसली. "त्याचं असं आहे," तो म्हणाला, "की यावर आपण एक समिती..."

मागच्या रांगेत बायको बसली होती. समिती म्हटल्याबरोबर तिनं त्याच्यावरची नजर काढली. हातातली पाण्याची बाटली, झाकणही न उघडलेली, तिनं खुर्चीखाली सरकवून दिली. रागावली असती तर त्याला सोसलं असतं. पण तिला हे ठाऊकच होतं, असं तिचं तोंड सांगत होतं.

"समिती नाही," सलूनवाला म्हणाला. आयुष्यातला हा त्याचा पहिला जाहीर नकार, आणि तोही स्वतःलाच. "माझ्या सलूनला लागून मोकळी जागा आहे. तिथे बांधायचं."

"अहो, गिऱ्हाईक पळेल तुमचं!" औषधवाला ओरडला. "आणि मला तर तुम्ही हेडमास्तरांची गल्ली म्हणाला होता!"

"माझी गल्ली?" हेडमास्तर उठले. "मला बेकरीमागे म्हणालात!"

"हो," सलूनवाला म्हणाला. "आणि बेकरीवाल्यांना औषधाचं दुकान सांगितलं. मी सगळ्यांनाच हो म्हणतो. पण माझी बायको दिवसभर पाणी पीत नाही. तिलाही मी हो म्हटलंय."

लोक इतके हसले, की शेवटची दोन वाक्यं पहिल्या रांगेपलीकडे गेलीच नाहीत. पुढची पंधरा मिनिटं भर सभेत त्याची बिनपाण्यानं हजामत झाली.

निवडणुकीत तो सणकून आपटला. औषधवाल्यानं तर दाढीच वाढवली. पण जिथे कुणाचा विरोध नाही अशी जागा शहरात सापडलीय, हे जुन्या नगरसेवकांच्या बरोबर ध्यानात आलं. कारंजं राहूनच गेलं आणि सलूनला लागून पक्कं बांधकाम उभं राहिलं. फीत त्यांनीच कापली. पाटीवर नावही त्यांचंच. हरलेल्या उमेदवाराला बोलवायचं कुणाला सुचलं नाही. तो आपल्या दारात, हातात फेसाचा ब्रश घेऊन, टाळ्या वाजवता येत नाहीत म्हणून नुसताच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, "संडासापायी निवडणूक घालवलीत, आणि तो येऊन बसला तुमच्याच दारात. काय मिळवलंत सांगा? शुद्ध वेडेपणा!"

"अगदी बरोबर," सलूनवाला म्हणाला.

पलीकडे मशीन थांबलं. त्यानं आरशात पाहिलं. प्लायवूडच्या भिंतीवर बायकोची बाटली दिसत होती, उंच धरलेली, आणि ती थांबून थांबून रिकामी होत होती. त्यानं वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यापासून दूर केला.

"अहो," ती म्हणाली, "मशीनकडे लक्ष ठेवा. आलेच मी."