आठ हजार मैलांची सही

गाडीच्या हप्त्याच्या करारावर सही केली तेव्हा मी गावातल्याच दवाखान्यात नोंदणीला बसत होते. करारात वर्षाला आठ हजार मैलांचीच मुभा होती, आणि मला तेवढे म्हणजे डोक्यावरून पाणी. दोन महिन्यांत दवाखाना बंद झाला आणि माझी बदली झाली थेट शहरातल्या इस्पितळात. मोठ्या रस्त्याने जायला बावीस मैल, यायला बावीस. तीन वर्षांनी गाडी परत करताना जास्तीच्या प्रत्येक मैलाला दहा पेन्स मोजायचे होते.

"फोन कर आणि मैल वाढवून घे," गेथिन म्हणाला. गेथिन माझा नवरा. "हप्ता थोडा वाढेल, एवढंच."

"एक पेनीही वाढणार नाही," मी म्हणाले. आमच्या घरात मी हट्टाला पेटले की गेथिन चहाची किटली ठेवायला जातो.

मी डोंगरावरचा जुना रस्ता धरला. पंधरा मैलच, पण वेळ जास्त. एका वेळी एकच गाडी मावेल एवढी रुंदी, दोन्हीकडे मेंढ्या आणि त्यांना अडवायला रस्त्यातच एक फाटक. उतरा, फाटक उघडा, गाडी पुढे घ्या, पुन्हा उतरा, फाटक लावा. पावसात तर माझ्या बुटांचं पार वाटोळं व्हायचं. पहिल्याच आठवड्यात मी फाटक नीट लावलं नाही आणि डोंगरावरच्या म्हाताऱ्या इद्वल प्यूंच्या चाळीस मेंढ्या खाली रस्त्यावर उतरल्या.

दुसऱ्या दिवशी म्हातारा स्वतःच फाटकाशी उभा. "तुझ्यावर माझा भरवसा नाही, पोरी. यापुढे मीच उघडणार."

मी बावन्न वर्षांची आहे, पण त्यांना मी पोरगीच.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मिस्टर प्यू हजर. "दोन मिनिटं उशीर. मेंढ्यांनी चौकशी केली." "या टायरांवर जाशील तर एक दिवस माझ्या तळ्यात सापडशील." कधी खिडकीतून वेल्श केक आत यायचा, वर "फार गोड झालाय, कुत्रं खाईना," हे ठरलेलं. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. मी गेल्यावर दिवसभर त्यांच्याशी बोलायला कुत्र्याखेरीज कुणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर माझीही सकाळ तिथूनच सुरू व्हायची.

तीन वर्षं अशी गेली. शेवटच्या शुक्रवारी मी सांगितलं, "उद्या गाडी परत करायची. नव्या गाडीला गेथिन जास्त मैल घ्यायचं म्हणतोय."

"म्हणजे सोमवारपासून तू मोठ्या रस्त्याने."

"बहुतेक."

"बरं झालं. माझाही सकाळचा ताप गेला. चहा तरी बसून पिईन." त्यांनी फाटक उघडलं. वळणावर आरशात पाहिलं, तर फाटक तसंच उघडं, एक मेंढी बाहेर निघालेली आणि म्हातारा नुसताच उभा.

शनिवारी शोरूममधल्या पोराने मीटरवरचा आकडा वाचला. तेवीस हजार सातशे अठ्ठ्याऐंशी. मर्यादेच्या दोनशे बारा आत. गेथिनने माझ्या पाठीवर थाप मारली. "जिंकलीस, मेन्ना! आता पुरे झाला तो डोंगर." मग तो त्या पोराला म्हणाला, "नव्या गाडीला वर्षाला बारा हजार."

"आठ," मी म्हणाले.

"अगं, हप्त्यात चोवीस पौंडांचाच फरक आहे. आपल्याला सहज झेपेल."

"झेपेल रे. पण मी स्वतःला ओळखते. बारा घेतले, की पहिल्या पावसाळी सकाळीच मी मोठ्या रस्त्याला लागेन, आणि मग रोजच." मी जुन्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "तो म्हातारा फाटकाशी उभा राहील, गेथिन. मी येणार नाही हे माहीत असूनही राहील."

गेथिनने करारपत्र त्या पोराकडे सरकवलं. "आठ लिही," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पण आपल्याला बारा परवडत होते, हे म्हाताऱ्याला सांगू नकोस. आपण दया केली असं वाटलं, तर दुसऱ्या दिवशी फाटकावर यायचा नाही तो."

सोमवारी सात वाजून दहा मिनिटांनी मिस्टर प्यू फाटकापाशी होते. नव्या गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली आणि खिडकीत वाकले.

"इकडून? मैल वाढवणार होतात ना तुम्ही?"

"गेथिनने आठच घेतले."

"कंजूष आहे तुझा नवरा."

"हो ना," मी म्हणाले. "फारच कंजूष."