बोअर कुठल्या दिशेला

नोरीनने टोपीच्या नाडीचा दोरा दातांनी तोडला, टाका ओढून पाहिला आणि पुन्हा उसवायला घेतला. ही तिसरी खेप होती.

"दे आता," ग्लेन म्हणाला. बुटांचे बंद आवळून तो गाडीच्या सावलीत उभा होता. "ऊन चढायच्या आत निघालेलं बरं."

"वाऱ्यावर टोपी उडाली तर अर्ध्या वाटेत आडवा होशील. थांब जरा."

गाडी उभी होती तिथून दोन्ही बाजूंना चाकोरी सरळ जात जात आकाशात विरून गेली होती. पूर्वेला आणि पश्चिमेला वाळूच्या लांबच लांब तांबड्या टेकड्या, एकीमागे एक. काल दुपारी झुडपात दडलेला एक वाळका बुंधा रेडिएटरमध्ये घुसला. ग्लेनने भोकात लांबीचा लगदा भरला, तो सुकू दिला, पाणी ओतलं. मैलभरात सगळं पाणी जमिनीवर गळून गेलं. रेडिओ नुसता खरखरत होता. मग मागचा पाण्याचा दुसरा कॅन काढला, तर तो कोरडा ठणठणीत.

"टॅमसिन, हा भरायला तुला सांगितलं होतं," ग्लेन तेव्हा म्हणाला होता. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं, असं टॅमसिनला वाटलं.

"विसरले असेन," ती म्हणाली होती.

आता तिघांत मिळून सात लिटर पाणी उरलं होतं. टॅमसिन सतरा वर्षांची होती. कालपासून ती गाडीच्या मागच्या पायरीवर बसून होती आणि वडिलांच्या हातांकडे बघत होती. त्या हातांनी चार वेळा खिसे चाचपले होते.

"एवढं तोंड पाडून बसू नकोस," ग्लेन तिला म्हणाला. "तासाभराची तर वाट. त्या तीन टेकड्या ओलांडल्या की बोअर. पवनचक्की आहे, गुरांचं टाकं आहे. विशीत असताना मी इथं चार वर्षं कुंपणाच्या तारा ओढल्यात. डोळे बांधून सोडलंस तरी जाईन."

"डोळे बांधून जाऊ नकोस म्हणजे झालं," नोरीन म्हणाली. तिने सुई खाली ठेवली. "चहा टाकू का घोटभर?"

"चहा? आत्ताच तर घेतला."

"मग ती टाच दाखव. काल सोलली होती ना?"

तो कुरकुरत बसला. तिने त्याचा बूट काढला, मोजा काढला, टाचेवर पट्टी लावली, ती वाकडी बसली म्हणून काढून दुसरी लावली. आई त्याची तयारी करून देत होती. शाळेच्या सहलीला निघालेल्या पोराची करावी तशी. आईला काहीच माहीत नव्हतं.

"आई, गाडी सोडून जायचं नसतं. हे तूच सांगतेस नेहमी."

"तेच म्हणते आहे मी सकाळपासून."

"आपण काल पोचायला हवे होतो," टॅमसिन म्हणाली. "पुढच्या फार्मवरच्या लोकांना माहीत आहे. ते बघायला येतील."

"येतील," ग्लेन म्हणाला. "आज येतील, नाहीतर परवा येतील. आणि सात लिटर परवापर्यंत पुरणार नाही. चूक झाली ती झाली, मी तुला बोललो का काही? पण निस्तरायला कुणीतरी जायला हवं."

त्याने पाण्याची बाटली खांद्याला अडकवली, टोपी नोरीनच्या मांडीवरून उचलली आणि उठला. नाडी एकाच बाजूने शिवलेली होती.

"ग्लेन," नोरीन म्हणाली, "उन्हं उतरू देत. चार वाजता जा. मी अडवणार नाही."

"चारला निघून अंधारात परत येऊ?" त्याने हसून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू काळजी फार करतेस."

तो पूर्वेकडे चालू लागला. वीस पावलं. पंचवीस. वाळूत बूट रुतत होते, पण चाल ठाम होती. रस्ता ठाऊक असलेल्या माणसाची.

"बाबा."

तो थांबला नाही.

"बाबा, काल संध्याकाळी तू पश्चिमेकडे बोट दाखवलंस."

आता तो थांबला. वळला. "काय?"

टॅमसिन पायरीवरून उतरली होती. तिने एक हात गाडीवर टेकवला. "सूर्य मावळत होता. तू म्हणालास, बोअर तिकडे, उन्हाच्या बाजूला. डोळ्यांवर हात धरून दाखवलंस. आज तू उलटा चालला आहेस."

"तुझी काहीतरी गफलत होते आहे."

"आणि कॅन मी भरला होता." हे तिला बोलायचं नव्हतं. पण आता मागे फिरता येत नव्हतं. "दुपारच्या थांब्यावर तू चव घेतलीस, खारट आहे म्हणालास आणि सगळा वाळूत ओतून दिलास. पुढच्या टाकीवर गोडं पाणी भरू म्हणालास. ती टाकी आली तेव्हा तू थांबलाच नाहीस. मला वाटलं, तुझं काही ठरलं असेल."

ग्लेन तिच्याकडे बघत राहिला, मग कॅनकडे, मग स्वतःच्या हातांकडे. त्या हातांनी काही ओतलं असेल तर ते त्यांनीच आठवून सांगावं, अशा नजरेने.

"मी ओतलं?"

"हो."

"मग काल का नाही बोललीस?"

टॅमसिनने आईकडे पाहिलं. नोरीन उठली नव्हती. सुई तिच्याशेजारी तशीच पडली होती.

ग्लेन पूर्वेकडे वळला. बराच वेळ त्याने त्या टेकड्यांकडे बघितलं. मग पश्चिमेकडे. दोन्हीकडच्या टेकड्या सारख्याच तांबड्या होत्या, दोन्हीकडे सारखंच खुरटं गवत. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला हात वर येत नव्हता. टॅमसिनने मनाशी ठरवलं, तो तसाच पुढे गेला तर धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारायची. लाज गेली खड्ड्यात.

तो परत आला. गाडीच्या सावलीत बसला, बाटली खाली ठेवली आणि बुटांचे बंद सोडू लागला. गाठ सुटेना. नोरीनने पुढे सरकून ती सोडवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिघं गाडीच्या सावलीबरोबर सरकत राहिली. पाणी नोरीन झाकणाने मोजून देत होती. शेवटी शेवटी ग्लेन आपलं झाकण नुसतं ओठांना लावून टॅमसिनच्या पेल्यात रिकामं करू लागला. दीडच्या सुमाराला उत्तरेला धूळ दिसली. फार्मवाल्यांनी कळवलं म्हणून टपालाचा ट्रक वाट वाकडी करून आला होता. ट्रकवाला मर्व्ह सत्तरीचा, वाळवलेल्या कातड्यासारखा माणूस. त्याने आधी पाणी दिलं, मग गाडीखाली डोकावून शीळ घातली.

"चालत निघाला नाहीत, हे नशीब," तो म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यात एकाला आम्ही उचलून आणलं. जिवंत नव्हता."

"इथं जवळ एक बोअर होती ना?" ग्लेनने विचारलं. "पवनचक्की असलेली?"

"होती की. पण इथं नाही, पार एका कोरड्या सरोवरापलीकडे. साठ मैल असेल. तीही बुजवली, झाली दहा वर्षं." मर्व्ह पाण्याची पिशवी गुंडाळत म्हणाला. "का हो?"

"सहज."

पुढे मर्व्हशेजारी खोकी रचलेली होती. ती तिघं मागे टपालाच्या पोत्यांवर बसली. ट्रक हादरत निघाला. उभी गाडी लहान होत गेली. कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ग्लेन टॅमसिनकडे झुकला. इंजिनाच्या आवाजात त्याला जरा मोठ्यानेच बोलावं लागलं.

"माझं हे विसरणं तुला कधीपासून कळलंय?"

टॅमसिनने आईकडे चोरून पाहिलं. "ईस्टरपासून. तू दूध आणायला गेलास आणि बंदराच्या धक्क्यावर सापडलास. मी आईला सांगितलं, आपण दोघं बोटी बघत बसलो होतो."

त्याने मान हलवली. त्याला त्या बोटी आठवल्या की नाही, कळलं नाही.

"आणि तुझ्या आईला?"

टॅमसिन काहीतरी बोलणार होती. त्याआधी पलीकडून, धुळीकडे तोंड करून बसलेली नोरीन म्हणाली, "त्याच्या आधीच्या ख्रिसमसपासून."

टॅमसिन वळून आईकडे बघू लागली. नोरीनने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट गुंतवले होते.

"म्हणजे सगळ्यात शेवटी मलाच कळलं," ग्लेन म्हणाला. तो हसला असावा. त्याच्या हनुवटीवरची धूळ ओली झाली होती.

फार्मच्या कुंपणापाशी ट्रक थांबला. फाटक उघडायला टॅमसिन उठली, पण ग्लेनने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला बसवलं आणि स्वतः खाली उतरला. त्याने साखळी सोडली, फाटक ढकललं. ट्रक आत जाऊन थोडा पुढे थांबला. त्याने फाटक लावलं, साखळी अडकवली, दोनदा ओढून पाहिली. मग तिथेच उभा राहिला, एक हात फाटकावर, पाठ ट्रककडे.

मर्व्हने हॉर्नवर हात ठेवलेला नोरीनला केबिनच्या मागच्या काचेतून दिसला. तिने काचेवर टकटक केली आणि नको म्हणून मान हलवली.

मायलेकी पोत्यांवर बसून राहिल्या. दोघींपैकी कुणीही हाक मारली नाही.