काडीएवढी जागा

आडवा, उचलून.

प्रणिताने बोर्डावर आगकाडी ठेवली, काडीवर रेझिस्टर बसवला, त्याचे दोन्ही पाय खालच्या बाजूने सोल्डर केले आणि काडी ओढून घेतली. रेझिस्टर बोर्डापासून काडीभर वर राहिला.

"ही जागा कशाला?" अविनाशने विचारलं. युनिट त्याचंच. हैदराबादच्या दिलसुखनगरात खाली कोचिंग क्लास, वरच्या मजल्यावर इलेक्ट्रिक स्कूटरचे चार्जर. सोल्डरिंगला चार बायका, त्यांना शिकवणारी प्रणिता.

"वारा खेळायला, सर. हा तापतो. टेकवला तर बोर्ड करपतो."

"माल घेणारी पार्टी म्हणते, दात पुढे आल्यासारखे दिसतात. टेकवून बसवा. काडीच्या नादात वेळही जातो."

"लोक हे चार्जर घरात लावून झोपतात, सर."

"सगळा बाजार टेकवतो."

"मी नाही टेकवणार. बायकांनाही शिकवणार नाही."

अविनाशने अंगठ्याने रेझिस्टर दाबला. पाय वाकले. तो बोर्डाला चिकटला.

आडवा, टेकवून.

दुसऱ्या सकाळी प्रणिताची जागा पॅकिंगच्या टेबलापाशी होती.

"आगपेट्या बंद. आगीचा धोका," अविनाश म्हणाला. सगळ्या गोळा करून त्याने खणात टाकल्या, कुलूप लावलं. मग कसं टेकवायचं ते बायकांना स्वतः दाखवलं.

"हौ सर," त्रिवेणी म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या.

पहिला बोर्ड पॅकिंगला आला तेव्हा प्रणिताने तो डोळ्यांसमोर आडवा धरला. रेझिस्टरखालून ट्यूबलाइटचा उजेड दोऱ्यासारखा दिसत होता. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही.

तिने वळून पाहिलं. त्रिवेणीचा घट्ट अंबाडा सुटून मानेवर आला होता. घामाने केस गालाला चिकटले होते. सोल्डरिंग गनशेजारी डोक्यातली काळी पिन. यादम्माचेही केस मोकळे. पलीकडच्या दोघींचेही.

प्रणिताने बोर्ड खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं.

आडवा, नखावर.

दुपारी अविनाशने एक खोकं उघडलं. बोर्ड उजेडाकडे धरला.

"काड्या कुठून आल्या?"

"काडी नाही, सर," प्रणिता म्हणाली. "शोधा."

त्याने टेबलं पाहिली, बायकांची डोकी पाहिली. मग एकेक पिन उचलून मुठीत घेतली आणि त्रिवेणीमागे येऊन थांबला.

"आता बसव. माझ्यासमोर."

त्रिवेणीने बोर्ड स्टँडला उभा अडकवला. रेझिस्टर घातला. डाव्या करंगळीचं नख त्याच्याखाली सरकवलं आणि उजव्या हाताने गन उचलली. यादम्माने न सांगता सोल्डरची तार पुढे धरली.

धूर निघाला. करपल्या नखाचा वास आला. त्रिवेणीने ओठ आत घेतले, पण बोट काढलं नाही. पहिला पाय झाला. दुसराही. सोल्डर घट्ट होईपर्यंत ती थांबली, मग करंगळी काढून तोंडात घातली.

रेझिस्टरखाली नखाएवढी जागा होती.

"वेडी आहेस का?" अविनाशचा आवाज खाली आला. "भाजलं ना?"

"भाजतं की, सर. नुसते पाय डागले तर एवढं तापतं. रातभर चालल्यावर काय की."

तिने पुढचा रेझिस्टर घेतला. यादम्माने तार सरळ केली. पलीकडच्या दोघींनी आपापली करंगळी बोर्डाशी नेली. पॅकिंगच्या टेबलावरून प्रणिता आली आणि रिकाम्या स्टुलावर बसली.

अविनाशने मूठ उघडली. पिनांचे वळ तळहातावर उठले होते. त्याने खिशात हात घालून खणाची किल्ली चाचपली.

"नक्को, सर," करंगळीवर फुंकर घालत त्रिवेणी म्हणाली. "पिनाच ठेवा इथं. काड्या मोडतात."